‘माहीत नाही’ला गुण किती?

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांतच सिनियर मंडळी दोन कानमंत्र देतात. लेखी पेपरात एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही आणि व्हायव्हात तोंड बंद ठेवायचे नाही. प्रश्न आयुष्यात कधी ऐकलेला नसला तरी हरकत नाही. व्याख्या, कारणे, लक्षणे, तपासण्या, उपचार असे मथळे टाकायचे, त्याखाली सुचेल ते लिहायचे आणि पट्टी घेऊन ठळक रेघा मारायच्या. तोंडी परीक्षेत ‘फेकत’ राहायचे. दहा शब्दांतला एक तरी लागतोच.

हा सल्ला देणारी मुले वाईट नसतात. धाकट्यांचे वर्ष वाया जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. शिवाय परीक्षेपुरता हा सल्ला बरोबरही आहे, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ज्या परीक्षेत थाप मारणे शहाणपणाचे आणि खरे बोलणे नुकसानीचे ठरते, ती परीक्षा डॉक्टर घडवण्याच्या कामी यावी कशी?

मी डॉक्टर नाही. भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, एवढाच माझा या क्षेत्राशी संबंध. पण हा विषय डॉक्टरांनी आपसांत मिटवावा असा नाही. इंजिनियरिंगच्या मुलाने परीक्षेत मारलेली थाप निदान एखाद्या यंत्रावर जाऊन आदळते. वैद्यकीय परीक्षेत मुरलेली सवय थेट आपल्या अंगावर येते. म्हणून डॉक्टरांची परीक्षा कशी व्हावी, यावर बोलण्याचा रुग्णालाही हक्क आहे.

सुरुवात प्रवेशापासूनच करू. डॉक्टर होण्यासाठी ‘नीट’ द्यावी लागते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, सोडून दिलेल्या प्रश्नाला शून्य. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. या वजा गुणाला लोक घाबरतात आणि त्यामुळे तुक्का मारणाऱ्याला चाप बसतो असे समजतात. जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा, एखाद्याला १०० प्रश्नांतले ओ की ठो कळलेले नाही आणि त्याने डोळे मिटून १०० गोल काळे केले. सरासरीने २५ बरोबर येतील, म्हणजे १०० गुण. ७५ चुकतील, म्हणजे ७५ वजा. हाती राहिले २५ गुण. त्याच्याच शेजारी बसलेल्या मुलीला तेच १०० प्रश्न येत नव्हते आणि तिने प्रामाणिकपणे ते सोडून दिले. तिच्या हाती शून्य. चार पर्यायांपैकी एखादा तर्काने बाद करता आला तर तुक्क्याचा भाव आणखी वाढतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘नीट-पीजी’तही गुणांचा हिशोब हाच आहे. म्हणजे डॉक्टर होण्याआधी आणि तज्ज्ञ होण्याआधी, दोन्ही दारांवर पाटी एकच: अंदाजपंचे दाहोदरसे करणाऱ्याचे स्वागत आहे.

मधल्या साडेचार वर्षांत काय होते? विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत तर चुकीच्या उत्तराला शिक्षाच नाही. मुलांनी त्याचा अर्थ बरोबर ओळखला आहे. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करायच्या, गाइड पाठ करायचे, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये हजारो प्रश्न सोडवायचे. हेतू एकच, की परीक्षेत अनोळखी प्रश्न भेटूच नये. तरीही भेटला तर बाहेर आल्यावर ‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हणून गलका करायचा. मला नवल वाटते ते याचे. रुग्ण काय सिलॅबस वाचून आजारी पडतो? संपूर्ण प्रश्नपत्रिकेत खऱ्या दवाखान्यासारखा जर कोणता प्रश्न असेल, तर तो हा अनोळखी प्रश्नच. बाकीचे प्रश्न स्मरणशक्तीचे. हा एकच प्रश्न विचारतो की जेव्हा तुला ठाऊक नसते, तेव्हा तू कसा वागतोस? त्याच प्रश्नावर मुले थाप मारायला शिकतात आणि आपण त्यांना पास करतो.

तोंडी परीक्षेची कथा याहून वाईट. भाचीने सांगितलेला एक प्रसंग आहे. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण असे कुठेही घडू शकते. एक्स्टर्नलने छातीचा एक्स-रे समोर धरला. तिच्या आधीच्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता ‘टीबी’ असे ठोकून दिले. तो टीबी नव्हता. परीक्षकांनी हसून त्याला दोन-तीन इशारे दिले, त्याने आणखी दोन आजारांची नावे फेकली, तिसरे जवळपास लागले. त्याची सुटका झाली. भाचीची पाळी आली तेव्हा एक्स-रे दुसरा होता. ती म्हणाली, “सर, असा एक्स-रे मी याआधी पाहिलेला नाही, पण जे दिसते ते सांगते.” पुढचे वाक्य तोंडातून निघायच्या आत परीक्षक म्हणाले, “पाहिलेला नाही? मग वॉर्डात काय करत होता? नेक्स्ट.” घरी येऊन ती मला म्हणाली, “मामू, ‘माहीत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, एवढं मी आज शिकले.” साडेचार वर्षांत तिने काय काय शिकावे अशी आपली अपेक्षा होती आणि ती काय शिकली!

आता हाच धडा घेऊन एखादा तरुण डॉक्टर बंधपत्राच्या नोकरीवर ग्रामीण आरोग्य केंद्रात जातो. पावसाळ्याचे दिवस. पहाटे चारला घरचे लोक एका शेतमजुराला घेऊन येतात. पोटात दुखतेय, म्हणतात. ताप नाही, जखम नाही, सूज नाही. डॉक्टरला काही उमगत नाही. पण सवय कोणती लागली आहे? कोरे सोडायचे नाही. ‘अ‍ॅसिडिटी’ असे ठोकून द्यायचे, एक इंजेक्शन, दोन गोळ्या आणि घरी. तो मजूर जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावलेला असू शकतो. मण्यारीच्या दंशाला बहुतेकदा सूज नसते, वेदना जवळजवळ नसते, दाताची खूणही दिसेलच असे नाही. पोटदुखीपासून सुरुवात होते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू काम थांबवतात.

दुसरा डॉक्टरही तेवढाच नवखा आहे. मण्यारीचे प्रकरण त्याच्याही डोक्यात नाही. पण तो स्वतःशी कबूल करतो की मला हे कळलेले नाही, आणि मग जे दिसते ते पाहू लागतो. पापण्या खाली पडताहेत. थुंकी गिळता येत नाही. म्हणजे नस आणि स्नायू यांच्या जोडावर काहीतरी बिघडते आहे. आणखी कोणते स्नायू आहेत? श्वासाचे. मग आधी श्वासाची सोय हाताशी हवी, सिनियरला फोन हवा, १०८ची गाडी हवी. मग तो घरच्यांना विचारतो, “रात्री कुठे झोपला होता?” या दोन डॉक्टरांच्या पाठांतरात काडीचाही फरक नाही. फरक फक्त ‘माहीत नाही’ म्हणण्याच्या हिमतीत आणि त्यानंतर पहिले पाऊल कुठे टाकायचे या शिकवणीत आहे. आमच्या परीक्षेत पहिला डॉक्टर चांगल्या गुणांनी पास होतो.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्राने याचे उदाहरण पाहिले आहे. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती, मुले तर फार. नेहमीची औषधे देऊनही मरत होती. गाइडमध्ये उत्तर नव्हते. त्यांनी थाप मारली नाही आणि हातही झटकले नाहीत. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. मृत्यू कशाने होतो ते या नोंदींतून उलगडत गेले. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरले आणि १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन काही बिरवाडीत शोधलेले औषध नव्हते. ते कसे काम करते हे फार्माकॉलॉजी शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. ठाऊक असलेल्या गोष्टीवरून ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे चालत जाणे, हेच तर अनोळखी प्रश्नाचे उत्तर. व्हायव्हात आपण नेमके तेच चालणे ‘नेक्स्ट’ म्हणून थांबवतो.

वैद्यकशास्त्राचा जुना इतिहास पाहिला तरी हेच दिसते. नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेला अबू बक्र अल-राझी आज जगभर देवी आणि गोवर यांत फरक सांगणारा हकीम म्हणून ओळखला जातो. तो शिकवायला कसा बसे, याचे वर्णन इब्न अल-नदीम या बगदादच्या ग्रंथसूचीकाराने लिहून ठेवले आहे. राझीसमोर त्याचे शिष्य, त्यांच्यापुढे शिष्यांचे शिष्य, त्यांच्यापुढे आणखी नवखे. आलेला रुग्ण आधी सर्वांत नवख्याला भेटे. त्याला कळले तर ठीक. नाही कळले तर पुढच्या रांगेकडे, तिथेही नाही तर त्यापुढे, आणि शेवटी राझीकडे. त्या बैठकीत ‘मला कळत नाही’ म्हणणे ही नामुष्की नव्हती, कामाची रीत होती. रुग्ण पुढे सरकायचा तो या शब्दांमुळेच. मधल्या एखाद्याने लाजेखातर थाप मारली असती तर राझी शेवटच्या रांगेत असून काय उपयोग होता? ‘नीम हकीम खतरा-ए-जान’ ही म्हण आपण अडाणी वैदूंसाठी वापरतो. मला वाटते, ती पदवीधरालाही तेवढीच लागू आहे. अर्धवट ज्ञानापेक्षा ते ज्ञान पूर्ण असल्याचा आव जास्त धोक्याचा.

कोरोनात तर संपूर्ण जगासमोर एकच अनोळखी प्रश्न आला होता. कोणत्याही गाइडात नसलेला. तेव्हा दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू झाली. तिचा पायाच मुळी ‘आम्हाला माहीत नाही’ हा होता. माहीत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडू आणि कोणते औषध खरोखर जीव वाचवते ते पाहू. काही महिन्यांतच उत्तर मिळाले. स्वस्तातले डेक्सामेथासोन गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही. आपल्याकडेही आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली आणि २०२० मध्येच सांगितले की फायदा दिसत नाही. हे आपले, अभिमानाचे काम. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये काय चालले होते, आठवते? चिठ्ठीवर ‘प्लाझ्मा’ लिहून नातेवाइकांना रात्री-बेरात्री पळवले जात होते. प्लाझ्मा अधिकृत उपचारसूचीतून गेला तो मे २०२१ मध्ये. त्या चिठ्ठ्या लिहिणारे सगळेच काही लबाड नव्हते. बरेच जण फक्त कोरा पेपर न सोडण्याची सवय पाळत होते.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी माध्यमात वाढलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. फेकण्यासाठीही भाषा लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा मालेगाव-भिवंडीच्या उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला पुष्कळदा आजार ठाऊक असतो, पण प्रश्नातले इंग्रजी वळण अनोळखी असते. तो थबकतो. मनातल्या मनात शब्द जुळवू लागतो. तेवढ्यात ‘नेक्स्ट’ होते. फर्ड्या इंग्रजीत दोन मिनिटे काहीही न सांगता बोलू शकणारा मुलगा मात्र तरून जातो. म्हणजे थापेला गुण देणारी परीक्षा फक्त खोटेपणालाच नव्हे, तर घरच्या सुबत्तेलाही गुण देते. थांबून विचार करणाऱ्याला अर्धा मिनिट मिळाला असता तर कदाचित तोच जास्त चांगला डॉक्टर निघाला असता.

यावर नेहमीचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की, ‘माहीत नाही’ला गुण दिले तर सगळे तेच म्हणून मोकळे होतील. पण नुसत्या ‘माहीत नाही’ला गुण द्या असे कोण म्हणतो? त्याला शून्यच द्या. फक्त आत्मविश्वासाने दिलेल्या चुकीच्या उत्तराला शून्यापेक्षा कमी द्या, आणि ‘माहीत नाही, पण जे दिसते ते असे, जिवाला धोका इथे, मी यांना विचारीन, अमुक तपासणी करीन’ असे म्हणणाऱ्याला भरभरून द्या.

दुसरा आक्षेप, असे कुठे चालते का? चालते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून एक वेगळी परीक्षा रूढ झाली. वर्षातून चार वेळा, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच पेपर, आणि पातळी शेवटच्या वर्षाची. पहिल्या वर्षाच्या मुलाला त्यातले बहुतेक प्रश्न अनोळखीच असणार, हे गृहीत धरलेले. अनेक वर्षे त्या पेपरात ‘माहीत नाही’ हा स्वतंत्र पर्याय होता. त्याला शून्य, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. आपल्याला काय येत नाही हे मुलाला वर्षानुवर्षे स्वच्छ दिसत जाई. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टोनी गार्डनर-मेडविन या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांनी दुसरी पद्धत आणली. उत्तराबरोबर स्वतःची खात्रीही सांगायची, १, २ किंवा ३. बरोबर आले तर तेवढे गुण. चुकले तर १ खात्रीला शून्य, २ खात्रीला २ वजा आणि ३ खात्रीला तब्बल ६ वजा. म्हणजे चुकण्याची शिक्षा सौम्य, पण छातीठोकपणे चुकण्याची शिक्षा जबर. डॉक्टरच्या आयुष्यात यापेक्षा रास्त हिशोब कोणता?

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. डॉक्टरच ‘माहीत नाही’ म्हणू लागला तर रुग्णाचा विश्वास उडेल. रुग्णाचा नातेवाईक म्हणून सांगावेसे वाटते, विश्वास उडतो तो तीन दिवसांनी निदान बदलते तेव्हा, आणि आधीच्या निदानाबद्दल कोणी बोलायला तयार नसते तेव्हा. “अजून कळलेले नाही, पण धोका या बाजूचा आहे, उद्या सकाळपर्यंत पाहू, नाही जमले तर मोठ्या रुग्णालयात पाठवू” असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या दारात माणसे पुन्हा जातात.

गंमत अशी की कागदावर हे सारे मान्य झालेले आहे. २०१९ पासून एमबीबीएसला जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात भारतीय डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे आयुष्यभर शिकणारा. नीतिमत्ता आणि संवाद शिकवण्यासाठी वेगळे तास आहेत. म्हणजे वर्गात सांगायचे की तू आयुष्यभर विद्यार्थी आहेस, आणि परीक्षेच्या टेबलावर सांगायचे की न येणे हा गुन्हा आहे. मुले वर्गातले विसरतात, टेबलावरचे लक्षात ठेवतात. गुण तिथे असतात.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे वेगळे आहे, कारण नियम बदलेपर्यंत त्यांना याच परीक्षेतून जायचे आहे. अनोळखी प्रश्न आला की आजाराचे नाव शोधत बसू नका. हा अवयव कोणता, तो काय काम करतो, ते काम बिघडले तर काय दिसेल, यातले जिवावर बेतणारे काय, एवढे चार प्रश्न स्वतःला विचारा आणि त्यांचीच उत्तरे क्रमाने लिहा. औषध अनोळखी असेल तर नावाचे शेपूट पाहा. ‘-प्रिल’, ‘-ओलोल’, ‘-मॅब’ ही शेपटे औषधाचे कूळ सांगतात. एक्स-रे ओळखू येत नसेल तर जे दिसते त्याचे वर्णन करा. आणि जिथे तर्क संपतो, तिथे तर्क संपला असे लिहा. फेकलेल्या अर्ध्या पानापेक्षा यात गुण कमी मिळतील असे मला वाटत नाही. मिळालेच कमी, तरी हाती एक सवय राहील, आणि ती पुढे कुणाचा तरी जीव वाचवील.

परीक्षकांकडे मात्र मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक तोंडी परीक्षेत एक तरी प्रश्न असा ठेवा, ज्याचे उत्तर त्या मुलाला येणे शक्य नाही, आणि गुण द्या ते तो त्यापुढे काय करतो याचे. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला ‘नेक्स्ट’ म्हणू नका. ‘मग पुढे काय कराल?’ असे विचारा. यासाठी नवी इमारत लागत नाही, सरकारी निर्णय लागत नाही. पुढच्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करता येते.